पैसे गेले, तिकीट आले नाही : ऑनलाइन तिकीटसेवेविषयी एका पुणेकर प्रेक्षकाचा अभिप्राय

पुण्यात नाटक, मैफल, संगीत महोत्सव किंवा क्रिकेटचा सामना यांपैकी कशाचेही तिकीट काढायचे झाले, तर आता बहुतेकांचा हात आधी मोबाइलकडे जातो. बालगंधर्व रंगमंदिराच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहून प्लॅनवर बोट ठेवून खुर्ची निवडण्याची पद्धत संपलेली नाही, पण ती मागे पडली आहे हे खरे. मी ज्या तिकीट ॲपवरून गेली काही वर्षे नियमितपणे तिकिटे काढते, त्याचा हा अभिप्राय आहे. ॲपचे नाव मी घेत नाही, कारण ज्या अडचणींविषयी लिहायचे आहे त्या कोणत्याही तिकीट ॲपवर येऊ शकतात आणि त्यांतून बाहेर पडण्याचे मार्गही सगळीकडे जवळपास सारखेच आहेत.

चांगले काय आहे ते आधी सांगते. बालगंधर्व, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, टिळक स्मारक मंदिर, भरत नाट्य मंदिर आणि चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह येथील प्रयोग तारखेनुसार एकाच ठिकाणी दिसतात. पूर्वी त्यासाठी वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे पान जपून ठेवावे लागे. हडपसर किंवा वाघोलीला राहणाऱ्या प्रेक्षकाला केवळ तिकिटासाठी जंगली महाराज रस्त्यापर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही, ही सोय लहान नाही. आसनांचा नकाशा स्वच्छ आहे, रांगेचे अक्षर आणि खुर्चीचा क्रमांक मोठा करून पाहता येतो, बाल्कनी वेगळी दाखवलेली असते. व्यवहार सुरळीत झाला तर काही मिनिटांत तिकीट हाती येते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तिकीटसेवेची खरी पारख मात्र खात्यातून पैसे गेले आणि तिकीट आले नाही, अशा वेळी होते. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातील रविवारच्या एका प्रयोगासाठी मी शेजारशेजारच्या दोन खुर्च्या निवडल्या. मोबाइलच्या पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटांची उलटी मोजणी सुरू झाली. यूपीआयचा पर्याय निवडून पिन टाकला आणि रक्कम वजा झाल्याचा बँकेचा संदेश लगेच आला. ॲपवर परतले, तर काही क्षण गोल फिरणारे चिन्ह दिसले आणि मग पांढऱ्या पडद्यावर एकच वाक्य उमटले : ‘काहीतरी अडचण आली आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ त्याखाली पडद्याच्या रुंदीएवढे लाल बटण होते आणि तेही पुन्हा प्रयत्न करण्याचेच होते. पैसे कुठे आहेत, खुर्च्या माझ्या नावावर राहिल्या की सुटल्या, किती वेळ थांबायचे, कोणाला विचारायचे, याबद्दल अवाक्षर नव्हते. ‘माझी तिकिटे’ हा विभाग रिकामा होता. नकाशा पुन्हा उघडला, तेव्हा त्याच दोन खुर्च्या विकल्या गेल्याच्या रंगात दिसत होत्या.

या सेवेविषयीचा माझा सर्वांत मोठा आक्षेप या एका पडद्याला आहे. व्यवहार नेमका कोणत्या टप्प्यावर अडकला आहे हे कंपनीच्या यंत्रणेला पूर्णपणे नाही, तरी बरेचसे माहीत असते. निदान पैसे भरण्याची विनंती बँकेकडे गेली आहे आणि उत्तर आलेले नाही, एवढे तर नक्कीच. तरीही ती ग्राहकाला पुन्हा पैसे भरण्याचा सल्ला देते. प्रयोग भरत आला आहे या धास्तीने ग्राहक ते बटण दाबतो, मिळतील त्या दुसऱ्या खुर्च्या निवडतो, पुन्हा पैसे भरतो आणि मग पहिल्या व्यवहाराचा होकारही उशिराने येऊन पोहोचतो. दोन माणसांसाठी चार तिकिटे होतात, आणि पुष्कळ कार्यक्रमांची तिकिटे एकदा काढली की रद्द करता येत नसल्यामुळे तो भुर्दंड ग्राहकाच्याच माथी बसतो.

मुळात हे का घडते, ते समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. आपण खुर्ची निवडताच सर्व्हर ती ठरावीक मिनिटांपुरती आपल्यासाठी राखून ठेवतो. तेवढ्या अवधीत पैशांची विनंती ॲपकडून पेमेंट गेटवेकडे, म्हणजे कंपनीसाठी पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ यंत्रणेकडे, तेथून यूपीआयची व्यवस्था पाहणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेकडे, तेथून आपल्या बँकेकडे जाते आणि होकार त्याच साखळीने परत येतो. या साखळीतला एखादा दुवा मंदावला, किंवा होकार राखीव मुदत संपल्यावर पोहोचला, तर बँकेच्या लेखी पैसे दिलेले असतात आणि तिकीट कंपनीच्या लेखी खुर्ची विकलेली नसते. माझ्याच खुर्च्या मला विकल्या गेलेल्या दिसत होत्या, त्याचेही कारण हेच होते : त्या दुसऱ्या कोणी घेतल्या नव्हत्या, माझ्याच अडकलेल्या व्यवहाराने त्या अजून धरून ठेवल्या होत्या.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे ते लाल बटण दाबू नये. तिकीट ॲप तसेच ठेवून आपल्या यूपीआय ॲपमधील व्यवहारांचा इतिहास उघडावा आणि तेथे काय लिहिले आहे ते पाहावे. केवळ बँकेच्या एसएमएसवर विसंबू नये, कारण आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली एवढेच तो सांगतो. ती पुढे पोहोचली की नाही, हे त्यातून कळत नाही. इतिहासात व्यवहार प्रलंबित दिसत असेल, तर खुर्च्यांची राखीव मुदत संपेपर्यंत तरी थांबावे, कारण होकार येऊन तिकीट तयार होण्याची शक्यता अजून असते. व्यवहार अयशस्वी दिसत असेल, तर तिकीट येणार नाही हे नक्की समजावे. वजा झालेली रक्कम परत करण्याची जबाबदारी तेव्हा बँकेवर असते आणि आपण निर्धास्तपणे दुसऱ्यांदा पैसे भरू शकतो. व्यवहार यशस्वी दिसतो आहे आणि तिकीट नाही, ही सर्वांत त्रासाची स्थिती. पैसे व्यापाऱ्याच्या, म्हणजे तिकीट कंपनीच्या, बाजूला पोहोचलेले असतात, त्यामुळे बँकेकडे धाव घेऊन उपयोग होत नाही; तिकीट किंवा परतावा कंपनीकडूनच मागावा लागतो. तिन्ही स्थितींत व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, ज्याला यूटीआर म्हणतात, तो लगेच टिपून ठेवावा आणि पडद्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट) घ्यावे. पुढे प्रत्येक जण पहिल्यांदा तोच क्रमांक मागतो.

यशस्वी व्यवहाराचे तिकीट सापडत नसेल, तर ते हरवले असे मानण्याआधी आणखी एक तपासणी करावी. तिकीट ज्या मोबाइल क्रमांकाने किंवा ईमेलने लॉगिन करून काढले, त्याच खात्यात ते दिसते. घरातील एकाने पूर्वी ईमेलने आणि नंतर मोबाइल क्रमांकाने लॉगिन केले असेल, तर एकाच माणसाची दोन खाती तयार झालेली असू शकतात आणि तिकीट नेमके दुसऱ्याच खात्यात असते. ईमेलच्या स्पॅममध्येही एकदा डोकवावे.

परताव्याविषयी ग्राहकांना जे सांगितले जाते ते मला विशेष खटकले. ॲपवरच्या मदत विभागात आधी यांत्रिक उत्तरे देणारा चॅट होता. त्यातून बरीच खटपट करून माणसापर्यंत पोहोचल्यावर मला ‘मॅडम, पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत पैसे परत येतील’ असे नम्रपणे सांगण्यात आले. भाषा सभ्य होती, पण माहिती अपुरी होती. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि व्यापाऱ्याला होकार मिळाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. हा नियम यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या भरण्याला लागू आहे, तसाच कार्डाने केलेल्या ऑनलाइन खरेदीलाही. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे असतात, म्हणजे मधला रविवार आणि सुटी त्यात धरायची. त्यापुढे होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, आणि ती त्याने मागणी न करताही खात्यात जमा व्हावी, असे त्या परिपत्रकात म्हटले आहे. विलंब झाला तर बँकेकडे तक्रार करताना या परिपत्रकाचा तारखेसह उल्लेख करावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क लागत नाही.

पैसे कंपनीकडे पोहोचलेले असतील, तर हा पाच दिवसांचा नियम उपयोगी पडत नाही, हे ध्यानात ठेवावे. तेथे ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम कामी येतात. प्रत्येक ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. माझ्या ॲपमध्ये हा पत्ता अटी आणि शर्तींच्या पानाच्या अगदी तळाशी होता, मदत विभागात कुठेही नव्हता. चॅटवर दिवसभर तेच तेच लिहीत बसण्यापेक्षा या अधिकाऱ्याला संदर्भ क्रमांक, वेळ आणि छायाचित्र जोडून एक नीट ईमेल पाठवावा. त्यानेही काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पैसे अडकले की अनेक जण गूगलवर कंपनीच्या ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतात, आणि तेथे दिसणाऱ्या क्रमांकांत भामट्यांनी पेरलेले क्रमांकही असतात. पलीकडचा माणूस आपुलकीने बोलतो, परतावा पाठवण्यासाठी एखादे ॲप घ्यायला सांगतो, ज्यातून आपल्या फोनचा पडदा त्याला दिसतो, किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जाऊ शकतात. नाटकाच्या तिकिटाचे काही शे रुपये परत मिळवताना आयुष्याची पुंजी जाऊ नये, म्हणून संपर्क क्रमांक ॲपच्या आतूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

व्यवहार मुळात अडकूच नये यासाठी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. फोनमधील बॅटरी वाचवण्याची सोय सुरू असेल, तर आपण यूपीआय ॲपमध्ये जाताच मागचे तिकीट ॲप फोनच बंद करून टाकतो, आणि परतल्यावर आपण थेट मुख्य पानावर पोहोचतो. म्हणून तिकीट काढताना ती सोय बंद ठेवावी. नवे कार्ड ऑनलाइन खरेदीसाठी आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावे लागते, हे अनेकांना पैसे नाकारले गेल्यावरच कळते. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना आपला पूर्ण कार्ड क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही, त्यामुळे पूर्वी जतन केलेले कार्ड दिसले नाही म्हणून गडबडून जाऊ नये आणि मुदतीची उलटी मोजणी सुरू होण्याआधीच कार्ड जवळ काढून ठेवावे. एखाद्या गाजणाऱ्या प्रयोगाची विक्री उघडताना नकाशात मोकळी दिसणारी खुर्ची निवडल्यावर ती उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. आपण पाहत असलेला नकाशा काही क्षणांपूर्वीचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी मधल्या रांगांच्या मागे न लागता बाजूच्या खुर्च्या घेतलेल्या बऱ्या.

मोठ्या कार्यक्रमांची गोष्ट वेगळी असते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची विक्री उघडली, तेव्हा लोकांना प्रतीक्षेतील क्रमांक लाखांच्या घरात मिळाले होते. अशा विक्रीत आधी एक ऑनलाइन प्रतीक्षागृह असते आणि तेथून थोड्या थोड्या लोकांना आत सोडले जाते. पान पुन्हा लोड केल्यास मिळालेला क्रमांक जाऊ शकतो, आणि एकाच खात्याने दोन फोनवर रांग लावल्यास दोन्हीकडे गोंधळ होऊ शकतो. त्यामुळे एकच फोन, एकच पान आणि संयम, याला पर्याय नाही. त्यामानाने १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या ठिकाणी भारतीय बैठकीचे तिकीट काढणे पुष्कळ सुकर आहे, कारण तेथे विशिष्ट खुर्चीसाठी चढाओढ नसते.

ॲपवर प्रयोग हाऊसफुल्ल दिसला तरी आशा सोडू नये, हे मी खिडकीवरच शिकले. बालगंधर्वला एकदा सहज चौकशी केली, तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी समोरचा प्लॅन माझ्याकडे वळवला. “ताई, ऑनलाइनचा कोटा संपलाय, आमच्याकडे मागच्या रांगांतली आहेत अजून. कडेच्या चालतील का?” मी म्हटले, “काका, चालतील की.” त्यांनी पेन्सिलने दोन खुणा केल्या, तिकिटे फाडून दिली आणि व्यवहार पुरा झाला. आयोजक काही खुर्च्या खिडकीसाठी वेगळ्या ठेवतात, हे ॲपने ‘तिकिटे संपली’ असे जाहीर करताना एका ओळीत सांगायला हवे.

नाट्यगृहाच्या दारावरचा अनुभव मात्र समाधानकारक आहे, थोडी काळजी घेतली तर. ऐन वेळी गर्दीत इंटरनेट मंदावते आणि क्यूआर कोड उघडत नाही, म्हणून घरूनच तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवावे. पुण्यातील नाटकांचा मोठा प्रेक्षक ज्येष्ठ नागरिकांचा आहे आणि अनेकांची तिकिटे बेंगळुरूला किंवा अमेरिकेला असलेली मुले काढून देतात. अशा मुलांनी केवळ ‘तिकीट काढले आहे’ असा निरोप न पाठवता क्यूआर कोडचे पान, बुकिंग क्रमांक आणि खुर्ची क्रमांक आईवडिलांच्या फोनवर आधीच पाठवावेत. शक्य असेल तर कागदावर छापून घ्यायला सांगावे. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो, त्यामुळे त्याची चौकशीही मुलांनीच करायला हवी. सामन्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने गहुंजेच्या मैदानावर झाले, तेव्हा ऑनलाइन पैसे भरले तरी मैदानात शिरण्यासाठी छापील तिकीटच लागत होते. मोबाइलवरचे तिकीट चालेल की कागदी तिकीट आणावे लागेल, हे पैसे भरण्याआधीच वाचून घ्यावे.

किमतीबद्दल थोडक्यात सांगते. सुविधा शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी अगदी शेवटच्या पानावर दिसतो, तो खुर्ची निवडतानाच दिसायला हवा. त्याच पानावर देणगीची एक छोटी रक्कम आधीच खूण करून जोडलेली होती. देणगी कितीही चांगल्या कामासाठी असली, तरी ग्राहकाच्या संमतीची खूण कंपनीने परस्पर करून ठेवणे ई-कॉमर्स नियमांना धरून नाही, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये न विचारता ग्राहकाच्या खरेदीच्या टोपलीत वस्तू घालणे हा फसव्या रचनेचा (डार्क पॅटर्नचा) प्रकार म्हणून नोंदवलेला आहे. ती खूण काढता येते. पैसे भरण्याआधी एकूण रकमेचा तपशील उघडून पाहावा.

माझे त्या रविवारचे पैसे पाचव्या दिवशी परत आले आणि प्रयोग आम्ही दुसऱ्या खुर्च्यांवरून पाहिला, म्हणून माझे नुकसान झाले नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्यांना मी तरीही लिहिले आहे. अडकलेल्या व्यवहाराच्या पडद्यावर पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण देऊ नये. त्याऐवजी ‘आपल्या खुर्च्या अमुक वेळेपर्यंत राखीव आहेत, तोपर्यंत पुन्हा पैसे भरू नका’ असे मराठीत लिहावे, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक द्यावा आणि परताव्याची मुदत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सांगावी, एवढी माझी मागणी आहे. पोच ४८ तासांत आली. निवड, नकाशा आणि प्रवेश यांसाठी मी या सेवेला पाचपैकी तीन तारे देते. तो पडदा बदलला, तर चौथा आनंदाने देईन.